एका बोटाची फट

१३ जून, गुरुवार. १४८/९२

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ही वही दिली आहे. डावीकडे रोज सकाळचा रक्तदाब लिहायचा. उजवीकडे 'विशेष' नावाचा मोठा रकाना आहे. ताण येण्यासारखं काही घडलं तर तिथे लिहा, बरं वाटेल, असं बाई म्हणाल्या. नाकामिनातो गावात टायरचं दुकान चालवणाऱ्या पासष्ट वर्षांच्या माणसाच्या आयुष्यात विशेष काय घडणार? दोन आठवडे रकाना कोराच ठेवला. आज घडलं. दादा आला.

दुपारी दुकानासमोर एक ट्रेलर थांबला. त्यावर ताडपत्रीत गुंडाळलेली गाडी. ड्रायव्हरशेजारच्या दारातून दादा सावकाश उतरला आणि हाक मारली, "सादा, आहेस का रे?" जणू कालच चहा पिऊन गेला होता.

अकरा वर्षांपूर्वी मी त्याला काय म्हणालो होतो ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. बाबांना जाऊन एकोणपन्नास दिवस झाले होते. विधी आटोपून सगळे दुकानात आलो. एका गिऱ्हाइकाची बसकी, म्हणजे मुद्दाम जमिनीलगत उतरवलेली, गाडी मी नुकतीच तयार केली होती. दादा तिच्याशेजारी उकिडवा बसला, टायर आणि मडगार्डच्या मध्ये एक बोट घातलं, मग दुसरं घातलं, आणि चार गिऱ्हाइकांदेखत म्हणाला, "दोन जातात. एकच जायला हवं. बाबांच्या पाटीखाली असलं काम?" मी म्हणालो, "हे बोट पुन्हा माझ्या दुकानात आणू नकोस." त्याने बोट रुमालाला पुसलं आणि कासामाला, आपल्या घरी निघून गेला. त्यानंतर नववर्षाचं कार्डसुद्धा वहिनीच्या अक्षरात यायचं.

आज ते बोट घेऊन परत आला. ओआराईच्या बंदरावर नोव्हेंबरात जुन्या गाड्यांचा मेळा भरतो, तिथे त्याला आपली गाडी उभी करायची आहे. तीस वर्षं शेडमध्ये पडलेली ती चार दारांची गाडी.

"ती चाकं आहेत का रे अजून?"

"कुठली?" कुठली ते मला पक्कं ठाऊक होतं. माझ्या पहिल्या पगारात मितो शहरातल्या भंगारवाल्याकडून आणलेली पंधरा इंची चाकं. दादाच्या गाडीसाठीच आणली होती. तेव्हा तो म्हणाला होता, लग्न झालं, आता हे पोरखेळ पुरे.

"असतील माळ्यावर," मी म्हणालो. दर वर्षअखेरीच्या साफसफाईत मी त्यांना पॉलिश करतो हे त्याला कशाला सांगू?

"मग टायरचं माप तू निवड."

"मी?"

"दुकान तुझं आहे ना?"

हे दादाच्या तोंडून! मी ओळखलं, सापळा आहे. माप मी निवडणार, आणि हा नोव्हेंबरात सगळ्या बंदरासमोर बोट घालून दाखवणार. दादाला बोट ठेवायला कुठेतरी जागा लागतेच.

२० जून, गुरुवार. १५१/९४

चाकं लावून बघितली. गाडी खाली बसवली. स्प्रिंगखालच्या कडीचे आटे फिरवले की ती हवी तेवढी बसते, पण पोटाखाली नऊ सेंटिमीटर मोकळे राहायलाच हवेत, नाहीतर तपासणीत नापास. शिवाय चाकाचं तोंड मडगार्डच्या कडेशी एका पातळीत हवं. त्याला आम्ही त्सुराइची म्हणतो. केसभर बाहेर आलं तर पोलीस धरतात, केसभर आत गेलं तर दादा.

उरलं टायरचं माप. रिम सात इंच रुंद. रात्री जेवताना वहीच्या कोपऱ्यात १९५/५० लिहून बघत होतो, तर मित्सुए किंचाळली, "अहो! एकशेपंच्याण्णव? आधी दवाखान्यात चला!"

"टायरचं माप आहे ते. पहिला आकडा रुंदी. दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के टायर उंच."

"मग टायरचं टायरच्या वहीत लिहा. बायकोचा जीव घ्याल अशाने."

माझी बायको घाबरते मोठ्याने आणि हसते त्याहून मोठ्याने. पण मग हळूच म्हणाली, "किइचीदादा वाळलेत हो."

मी म्हणालो, सत्तरीचा झालाय, तेलकट सोडलं असेल. नाहीतर काय, आज मी कटलेट मागवली तर त्याने आपली माझ्याच ताटात सरकवली. जावयासारखा मान दिला, आणि खाल्लं नाही. तसाच आहे तो.

११ जुलै, गुरुवार. १४६/९०

१९५/५० बसवले. फार दिवसांनी एखादं काम करताना शीळ घातली.

बाबांचा नियम होता, बसकी गाडी रिकामी मोजायची नाही. जो चालवणार त्याला बसवायचं आणि मग फट मोजायची, कारण गाडी ही माणसासकट गाडी असते. दादाला उजव्या सीटवर बसवलं. पुढच्या चाकावर टेप लावली. पंधरा मिलिमीटर. माझं पहिलं बोट घातलं, नेमकं गेलं. ना घट्ट ना सैल. एक बोट फट म्हणजे आमच्यातलं शंभरपैकी शंभर.

दादाने दारातून हात खाली सोडला आणि स्वतःचं बोट घातलं. बोट बाहेर काढेना.

"काय?" मी विचारलं.

"बरी आहे."

"बरी?"

"स्प्रिंग जरा बसू दे. चार फेऱ्या मारतो, मग बघू."

बंदरापर्यंत एकटाच फेरी मारून आला. उतरताना दाराला धरून उभा राहिला, मी म्हणालो, बसक्या गाडीतून उठायला गुडघे लागतात, तुझे गेलेत. तो म्हणाला, "तुझी जीभ नाही गेली अजून." दोघंही हसलो. हसल्यावर मला राग आला, म्हणजे स्वतःचाच. अकरा वर्षांचं भांडण इतक्या स्वस्तात सोडायचं का?

८ ऑगस्ट, गुरुवार. १५३/९५

उकाड्याने जीव नकोसा झालाय. दादा विणलेली टोपी घालून आला. ऑगस्टमध्ये! मी विचारलं, "मासे धरायला ध्रुवावर जातोस का?" म्हणाला, तुझ्या दुकानात एसीचा झोत डोक्यावर येतो.

तो दर गुरुवारीच येतो. मितोला काहीतरी काम असतं म्हणे, तिथून छोट्या ट्रेनने इकडे. गुरुवारी माझ्याकडे गर्दी असते हे त्याला माहीत असून. असो.

बसवलं, मोजलं, आणि चक्रावलो. सोळा. महिनाभर फेऱ्या मारल्यावर फट कमी व्हायला हवी. स्प्रिंग वापराने बसते, उठत नाही. चाळीस वर्षांत मी स्प्रिंग उठलेली पाहिलेली नाही. टेप बदलून बघितली. फरशी पाणसळीने तपासली. सोळा ते सोळाच.

दादाने बोट घातलं आणि आतल्या आत हलवून दाखवलं. "सैल आहे, सादा."

मी कडी फिरवून दोन मिलिमीटर खाली घेतली. पोटाखाली आता बरोब्बर नऊ सेंटिमीटर, याहून खाली जायची सोय उरली नाही. फट चौदा. दादा म्हणाला, "आता बरी." फेरी न मारताच टायरच्या थप्पीवर बसला आणि बार्लीचा थंड चहा पीत राहिला. अर्धा ग्लास प्यायला तासभर लावला. माझी गिऱ्हाइकं त्याच्याशीच गप्पा मारत होती. लहानपणापासूनचं आहे हे. बाबांना वेळ नसायचा. शाळेत गेलो तो दादाचं बोट धरून, टायर शिकलो तोही दादाकडून, त्यामुळे गाव मला आजही किइचीचा भाऊ म्हणतं.

१२ सप्टेंबर, गुरुवार. १५८/९६

आज भांडलो.

दादा कासामाचे चेस्टनट घेऊन आला, हंगामातले पहिले. आल्याआल्या म्हणाला, "चामड्याला भोकं पाडायचा पंच आहे ना तुझ्याकडे? पट्ट्याला एक भोक पाडून दे." पट्ट्याला आधीच हाताने पाडलेली तीन भोकं होती, खिळ्याने पाडल्यासारखी वेडीवाकडी. मी म्हणालो, "वहिनी जेवायला घालत नाही का? निवृत्त नवऱ्याचं असंच होतं." तो म्हणाला, "उन्हाळा बाधलाय. थंडी पडली की भरून निघेल." चौथं भोक मी नीट गोल पाडून दिलं.

मग गाडीत बसला. मोजलं. पंधरा! चौदा ठेवली होती आणि पंधरा झाली. गाडी माझ्याच दुकानात, कुलपात. मी तिच्याभोवती दोनदा फिरलो, कड्यांचे आटे तपासले, एकही हललेला नव्हता.

"सैल," दादा म्हणाला.

"एका मिलिमीटरने तुझं काय बिघडलं?"

"एक नाही. माझं बोट आत गोल फिरतंय. बघ."

मी बघितलं नाही. "दादा, तुला माझ्या कामात खोट काढायचीच असेल तर सरळ काढ. अकरा वर्षांपूर्वी काढलीस तशी. एवढ्या लांबून ट्रेनने कशाला येतोस?"

त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. मग म्हणाला, "त्या दिवशी दोन बोटं जात होती ते खरं. पण चारचौघांत बोलायला नको होतं."

 मी पाना पुसत उभा राहिलो. पुसून झाल्यावर दुसरा पाना पुसला.

शेवटी म्हणालो, खाली जाता येत नाही, नऊ सेंटिमीटर संपले. एकच वाट आहे, टायर बदलायचा. १८५/५५. रुंदीला दहा मिलिमीटर कमी, पण उंचीला चार जास्त. म्हणजे फट चारने भरते आणि गाडीचं पोटही चारने वर येतं. सात इंची रिमवर बारीक टायर थोडा ताणून बसवावा लागेल, पण बसेल.

"बसव," तो म्हणाला. चेहरा असा उजळला की जणू मी त्याला लग्नाचं आमंत्रण दिलं. "मागवायला किती दिवस लागतील?"

"तीन आठवडे."

"तीन?" थोडा विचार करून म्हणाला, "चालेल. तीन चालतील."

मित्सुए रात्री चेस्टनट सोलत म्हणाली, "मी वहिनींना फोन करू का? दादांच्या शर्टाची कॉलर बघितली का तुम्ही? मानेभोवती अजून एक मान मावेल." मी म्हणालो, माझ्या आणि दादाच्या मध्ये पडू नकोस, आत्ता कुठे बोलायला लागलोय. तिने केला नाही फोन. माझं ऐकते ती कधीकधी, नको तेव्हा.

३ ऑक्टोबर, गुरुवार. १३६/८४

एवढा कमी आकडा या वहीत पहिल्यांदाच. बाईंना दाखवला पाहिजे.

१८५/५५ चढवले. दादा बसला. अकरा मिलिमीटर. माझं बोट जाईना. नखापाशीच अडकलं. मी म्हणालो, "दादा, हे जास्त होतंय. फटच उरली नाही." तो म्हणाला, "थांब," आणि हात खाली सोडला. त्याचं बोट अलगद आत गेलं आणि तिथेच थांबलं.

"झालं," तो म्हणाला. "सादा, आता बोट ठेवायला जागा नाही."

चाळीस वर्षं मी या एका वाक्याची वाट बघत होतो हे मला आज कळलं. डोळ्यांत पाणी आलं. मी चाकामागे वाकून काहीतरी शोधतोय असं दाखवलं. तो म्हणाला, "काय हरवलं?" मी म्हणालो, नट. "सगळे नट जागेवर आहेत, बाहेर ये." मग गाडीतून उतरून मला हाताला धरून उठवायला गेला आणि स्वतःच खाली बसला. दोघं फरशीवर बसून हसलो. मित्सुए चहा घेऊन आली आणि आम्हाला असं बघून परत आत गेली.

नोव्हेंबरच्या सतरा तारखेला, रविवारी मेळा आहे. ठरलं, दादा चालवणार आणि मी मागून माझ्या टेम्पोतून जाणार.

२४ ऑक्टोबर, गुरुवार. १५५/९३

मागचे दोन गुरुवार दादा आला नाही. मला वाटलं, काम झालं, आता कशाला येतोय. जरा लागलंच मनाला. आज दुपारी फोन आला. आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा. लाईन खराब होती.

"सादा, ती फट पुन्हा सैल झाली असेल. मी गुरुवारी येतो."

"आज गुरुवारच आहे."

"हो का? मग पुढच्या. अजून एक टायर बघून ठेव. थोडा उंच."

मला त्या वेळी एका ट्रकचं चाक निघत नव्हतं, वर मालक डोक्यावर उभा. म्हणालो, "गाडी इथे कुलपात, तू तिथे. सैल झाली हे तुला घरबसल्या कसं कळलं?"

"कळतं."

"पुरे झालं तुझं बोट, दादा. तूच म्हणालास ना झालं म्हणून? आता मी एक मिलिमीटर बदलणार नाही."

तो हसला असं वाटलं. म्हणाला, "बरं. नको बदलूस." मी फोन ठेवला. ट्रकचं चाक संध्याकाळपर्यंत निघालं नाही.

२९ ऑक्टोबर

दादा काल पहाटे गेला. मितोच्या रुग्णालयात. पोटातला आजार होता, मार्चपासून. मला आज समजतंय.

१ नोव्हेंबर

रक्तदाब घेतला नाही. काल अग्नी दिला.

पेटी बंद करायच्या आधी सगळ्यांनी फुलं ठेवली. माझी पाळी आली. गुंफलेले हात दिसले. उजव्या हाताचं पहिलं बोट मी ओळखलं नाही. हे बोट मी पन्नास वर्षं बघतोय, माझ्या वहीतल्या चुका दाखवताना, नट घट्ट आहे का ते चाचपताना, फटीत जाताना. नुसतं हाड आणि वर कातडं. मी माझं बोट त्याच्याशेजारी धरलं. माझं जवळपास दीडपट होतं.

तिथे, फुलं हातात घेऊन, मला टेपचा अर्थ लागला. स्प्रिंग उठली नव्हती. टेप खोटं बोलत नव्हती, फरशी सरळ होती. दर गुरुवारी सीटवर बसणारा माणूस हलका होत होता, म्हणून गाडी त्याच्याखालून वर येत होती. आणि बोट बारीक होत होतं, म्हणून फट सैल लागत होती. चार महिने मी माझ्या भावाचं मरण मिलिमीटरमध्ये मोजत होतो आणि त्याच्यावरच डाफरत होतो. पट्ट्याचं भोकसुद्धा मीच पाडून दिलं. गोल, नीट.

मी बाजूला होईना म्हणून मागच्यांनी मला खांद्याला धरून सरकवलं.

नंतर वहिनी भेटली. मी म्हणालो, "मला का नाही सांगितलंत?"

फुमिएवहिनी हळू बोलणारी बाई. म्हणाली, "भावजी, मी कितीदा म्हटलं सांगते म्हणून. ऐकायचे नाहीत. म्हणायचे, कळलं तर सादा भांडायचा थांबेल. गाडीकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघत बसेल."

"आणि ते सैल, सैल?"

"बोट सुकलंय हे त्यांना कळत होतं की. घरी आले की मला दाखवायचे, आज पण आत फिरलं. म्हणजे सादा काहीतरी बदलेल, म्हणजे पुढच्या गुरुवारी जायला कारण झालं." मग म्हणाली, "दर गुरुवारी त्यांना मितोला ते औषध चढवायचे. त्यानंतर माणूस आडवा होतो हो. हे ट्रेन पकडून तुमच्याकडे यायचे. मी ओरडायचे. म्हणायचे, तिथे टायरच्या थप्पीवर बरं वाटतं."

मी तिला सांगितलं नाही की शेवटच्या फोनवर मी काय बोललो. तिला माहीत असणार. फोन तिनेच त्याच्या कानाला धरला असेल.

९ नोव्हेंबर, शनिवार. १६१/९८

बाई ओरडल्या. गोळी वाढवली.

दुकान बंद ठेवून दादाची गाडी बाहेर काढली. मेळ्याला ती जाणार, मी नेणार. कासामाहून येऊन वहिनी तिथे भेटणार. पण पुलावर चढताना सांध्यावर टायर मडगार्डच्या कडेला घासला. सर्रकन. परत येताना पुन्हा. गाडी माझ्याखाली दबते, फट आठवर येते, मग खड्डा लागला की घासणारच. कुठल्याही गिऱ्हाइकाच्या बाबतीत मी एका मिनिटात सांगितलं असतं, माप चुकलंय, १९५/५० वर परत जा. ते चार टायर माझ्या थप्पीत आहेतच. दादा बसायचा त्याच थप्पीत.

जॅक लावला. पहिला नट सैल केला. आणि घट्ट केला.

'मी एक मिलिमीटर बदलणार नाही' असं त्याला म्हणालो होतो. तो म्हणाला, नको बदलूस.

१२ नोव्हेंबर, मंगळवार. १५४/९२

वहिनीला फोन केला. विचारलं, ऑक्टोबरच्या तीन तारखेला दादाचं वजन किती होतं? ती चकित झाली नाही. रुग्णालयातलं कार्ड काढून वाचलं. सेहेचाळीस. मी वजनकाट्यावर उभा राहिलो. एकाहत्तर.

म्हणजे पंचवीस किलो. तेवढे माझ्या अंगातून पाच दिवसांत निघणार नाहीत, म्हणून गाडीतून काढले. मागची सीट, वीस. जादा चाक, अकरा. जॅक आणि हत्यारं, चार. पण ते मागचं वजन, पुढचं चाक उचलायला तेवढंच पुरत नाही, म्हणून शेजारची सीटही काढली. टाकीतलं पेट्रोल पाव भागावर आणलं. मित्सुएने दारात उभं राहून बघितलं. म्हणाली, "मी कुठे बसू मग?"

"तू वहिनीबरोबर ट्रेनने ये."

 तिने आत जाऊन झाडू आणला आणि सीटखालची तीस वर्षांची धूळ काढायला लागली.

मी बसलो आणि तिलाच टेप धरायला लावली. "अकरा," तिने वाचलं. "थोडं जास्त. सव्वाअकरा." पुलावरून जाऊन आलो. घासला नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

पहाटे निघालो. रिकाम्या पत्र्याच्या डब्यासारखी गाडी वाजत होती. नाका नदीचा पूल आला तेव्हा श्वास धरला. सांध्यावरून चाक गेलं, आवाज नाही. मी मोठ्याने म्हणालो, "बघितलंस?" आणि शेजारी सीटच नव्हती.

बंदरावर सत्तरऐंशी गाड्या असतील. गार वारा, भाजलेल्या माशांचा वास. वहिनी आणि मित्सुए आधीच येऊन उभ्या होत्या. वहिनीने गाडीभोवती एक चक्कर मारली, चाकावर हात फिरवला, आणि रुमाल काढून जिथे हात लागला तिथे पुसून घेतलं. म्हणाली, "चकचकीत ठेवलीत हो चाकं." मी म्हणालो, पहिल्यापासून ठेवतोय. हे कधीतरी दादाला सांगायला हवं होतं.

दुपारी मी उजव्या सीटवर बसलो होतो, तेव्हा ओगुरी आला. याच्या आणि दादाच्या गाड्या तरुणपणी शेजारी उभ्या असायच्या. आता काठी घेऊन चालतो, पण जीभ तशीच. दादाचं त्याला कळलं नव्हतं. काठी खिडकीतून मला धरायला दिली, कण्हत उकिडवा बसला आणि पुढच्या चाकावर बोट लावलं. गेलं नाही. दुसरं लावून बघितलं. करंगळी लावली.

"सादाओ, अरे करंगळीसुद्धा जात नाही!" चार गाड्यांपलीकडे ऐकू जाईल असा ओरडला. माणसं वळून बघायला लागली. "एवढं दुकान चालवतोस आणि टायरचं माप चुकवलंस? किइचीने बघितलं तर तुझी खैर नाही."

अकरा वर्षांपूर्वी मला याच गोष्टीचा राग आला होता. आज आला नाही. उलट वाटलं, अजून थोडं मोठ्याने बोल.

"माप बरोबर आहे," मी म्हणालो.

"बरोबर? मग कोणाचं बोट धरलंस मोजायला?"

वहिनी माझ्याकडे बघत होती.

"दादाचं," मी म्हणालो. "दादाचंच बोट धरलं."